तपासाविना शुद्धी : बोम्मसंद्र्याच्या भूजलाविषयीच्या चार सबबींचा प्रतिवाद

भारतातील औद्योगिक वसाहतींच्या दूषित जमिनीविषयी आणि भूजलाविषयी एक भूमिका इतकी रुळली आहे की, ती मांडणाऱ्यांना तिच्यासाठी पुरावा देण्याची गरजही वाटेनाशी झाली आहे. वर नळाचे पाणी आणि स्वच्छ तलाव असले की खाली काय आहे याला महत्त्व उरत नाही, आजचे सांडपाणी बंद झाले की प्रदूषणही संपते, मागचे कोणी केले ते आता सिद्ध होणार नाही आणि सिद्ध झाले तरी ते साफ करता येणार नाही, असे या भूमिकेचे चार दुवे आहेत. प्रत्येक दुवा व्यवहारी वाटतो, आणि उद्योजक, अधिकारी व सल्लागार यांच्याबरोबर दाद मागून थकलेले रहिवासीही त्याला मान डोलावतात. तथापि चारही दुवे एकेक करून पारखले, तर त्यांचा शेवट एकाच ठिकाणी होतो असे दिसते: जमिनीखालचा तपास टळतो, आणि तपास टळला की दायित्वही टळते. बंगळूरच्या आग्नेयेला होसूर मार्गावर वसलेली बोम्मसंद्रा ही वसाहत या भूमिकेच्या परीक्षेसाठी योग्य आहे, कारण चारही सबबी तेथील परिस्थितीला लावून पाहता येतात आणि त्या टिकत नाहीत हेही तेथेच स्पष्ट होते.

बोम्मसंद्रा आनेकल तालुक्यात मोडते. कर्नाटक औद्योगिक क्षेत्र विकास मंडळाच्या या वसाहतीत औषधनिर्मिती, अभियांत्रिकी, धातूवरील प्रक्रिया असे अनेक प्रकारचे उद्योग दाटीने उभे आहेत, आणि त्यांच्या अवतीभवती हेब्बगोडी, चंदापुरा, हेन्नागरा, मुत्तनल्लूर अशी तलावांची, म्हणजे कन्नडमधील केऱ्यांची, मालिका पसरलेली आहे. पावसाळ्यात एका तलावाचे जादा पाणी राजकालुवे या पारंपरिक नाल्यांतून खालच्या तलावात उतरावे, अशी तिची जुनी रचना आहे. त्याच नाल्यांतून आता नागरी मैला आणि कारखान्यांचे सांडपाणीही वाहते. खालचा खडक म्हणजे पट्टिताश्म, अर्थात प्राचीन, कठीण आणि स्वतः जवळजवळ पाणी न धरणारा खडक. त्याच्या वरचा झिजून भुसभुशीत झालेला थर आणि त्याच्या पोटातील भेगा एवढ्याच दोन ठिकाणी भूजल साठते. केंद्रीय भूजल मंडळाच्या वर्गवारीत आनेकल तालुका अतिउपशाचा गणला जातो, म्हणजे पावसाने जितके पाणी मुरते त्याहून अधिक तेथे उपसले जाते. वरचा थर कोरडा पडत गेल्यामुळे विंधन विहिरी अधिकाधिक खोल गेल्या. अशा विहिरीला लोखंडी किंवा प्लास्टिकचे आवरण बहुधा झिजलेल्या थरापुरतेच असते आणि त्याभोवतीची पोकळी क्वचितच सिमेंटने बुजवली जाते. त्यामुळे चालू असलेली वा टाकून दिलेली प्रत्येक विहीर वरचे दूषित पाणी खालच्या भेगांत नेणारी उभी वाट होऊ शकते. या भूरचनेत दूषण कोठे आहे हे वरून पाहून सांगता येत नाही, आणि म्हणूनच तेथे तपासाला पर्याय नाही.

पहिली सबब दृश्य पाण्याच्या आधाराने मांडली जाते. तलावाचा गाळ काढला, कुंपण घातले, काठाने चालण्याची वाट केली आणि घरोघरी नळ आला की लोकांचा प्रश्न सुटला, असे या मताचे म्हणणे आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने चंदापुरा तलावाच्या दुरवस्थेबद्दल कर्नाटक शासनावर ५०० कोटी रुपयांची पर्यावरणीय भरपाई लादली, तेव्हा या परिसराच्या प्रदूषणाचे गांभीर्य देशाला कळले, आणि त्या निर्णयाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण रक्कम कितीही मोठी असली, तरी तलावाच्या तळाखाली कोणते द्रव्य किती खोलवर पोचले आहे हे ती सांगू शकत नाही. हेब्बगोडी तलावात एका औषध कंपनीच्या प्रतिष्ठानाने वनस्पतींची तरंगती बेटे सोडून पाण्याचा दर्जा सुधारण्याचा उपक्रम केला आणि तो उपयुक्तच आहे. मात्र अशी बेटे पाण्यातील नत्र, स्फुरद आणि सेंद्रिय भार कमी करतात, खडकाच्या भेगांत शिरलेल्या द्रावकाला ती स्पर्शही करीत नाहीत. गाळ उपसण्याचे काम तर तपासाविना केल्यास उलटू शकते, कारण जड धातू गाळाच्या कणांना चिकटून बसतात आणि तपासणी न करता काढलेला गाळ शेतात खत म्हणून किंवा खड्ड्यात भराव म्हणून पसरला, तर एका जागेचे दूषण अनेक जागांचे होते.

दिसणारा कचरा आणि जमिनीतला कचरा यांतले हे अंतर भोपाळमध्ये सर्वांसमोर आले. युनियन कार्बाइडच्या आवारात साठवलेला ३३७ टन विषारी कचरा जानेवारी २०२५ मध्ये पीथमपूरला नेण्यात आला आणि त्याच वर्षी जाळून संपवण्यात आला. त्या बंद मालमोटारींच्या ताफ्याची चित्रे देशभर पोचली आणि भोपाळचे प्रकरण आता मिटले असा समज पसरला. वस्तुतः नागपूरची राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे नीरी, आणि हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था यांनी २०१० मध्येच तेथील दूषित मातीचा अंदाज सुमारे ११ लाख टन दिला होता. पिंपांत भरता आले तेवढे हलवले गेले आणि मातीत व भूजलात उतरलेले मागे राहिले. नळाच्या पाण्याविषयीही हेच म्हणावे लागते. नळ येणे हा रहिवाशांचा हक्क आहे, पण २०२४ च्या उन्हाळ्यात बंगळूरच्या हजारो विंधन विहिरी आटल्या तेव्हा शहर टँकरवर आले, आणि टँकर भरण्यासाठी शहराच्या कडेचे भूजलच उपसले गेले. जे पाणी कोणी पीत नाही असे गृहीत धरले जाते, ते टंचाईच्या वर्षी कोणाच्या तरी टाकीत जातेच.

दुसरी सबब तंत्रज्ञानाची आहे. अनेक कारखान्यांना आता शून्य विसर्गाची अट आहे, म्हणजे सांडपाण्यावर प्रक्रिया करून सारे पाणी पुन्हा वापरायचे आणि उरलेले क्षार घन स्वरूपात वेगळे काढायचे. त्यामुळे प्रदूषण आता इतिहासजमा झाले, असे सांगितले जाते. फेब्रुवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रक्रिया-संयंत्र चालू नसलेल्या कारखान्यांना चालू राहू देऊ नये असा आदेश दिला, तो याच दिशेचा आणि योग्यच होता. परंतु विसर्ग थांबवणे आणि आधी मुरलेले काढणे ही दोन वेगळी कामे आहेत. ट्रायक्लोरोएथिलीनचे उदाहरण घेता येईल. यंत्रभागांवरील तेल धुण्यासाठी जगभर वापरले गेलेले हे द्रावक पाण्यापेक्षा जड असून पाण्यात फारसे मिसळत नाही. सांडल्यावर ते भूजलाच्या पातळीवर न थांबता खाली बुडत जाते, भेगांच्या तळाशी साचते, खडकाच्या सूक्ष्म छिद्रांत झिरपते आणि तेथून वर्षानुवर्षे थोडे थोडे बाहेर येत राहते. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरमागे ५ मायक्रोग्रॅम आहे. या मर्यादेने हिशोब केला, तर सुमारे दीड किलो वजनाचे एक लिटर द्रावक जवळजवळ २९ कोटी लिटर पाण्याला त्या मर्यादेपर्यंत नेऊन पोचवते. हे द्रावक बोम्मसंद्र्यात अमुक ठिकाणी आहे असे येथे म्हणायचे नाही. ते नाही असे म्हणण्याचा अधिकारही शोध घेतल्याशिवाय कोणाला मिळत नाही, इतकेच म्हणायचे आहे. क्षारता, कठिणपणा, नायट्रेट अशा नेहमीच्या चाचण्यांत ते सापडत नाही, कारण त्या चाचण्या त्याच्यासाठी नाहीतच.

औषधनिर्मितीच्या बाबतीत हा मुद्दा अधिकच टोकदार होतो. हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील सामायिक प्रक्रिया-संयंत्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळल्याचे स्वीडिश संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केले, आणि नंतरच्या अभ्यासात आसपासच्या गावांच्या विहिरींतही औषधांचे अंश सापडले. संयंत्र चालू होते. पण जे मोजण्याची अटच नव्हती ते संयंत्रातून सुखरूप पार गेले. त्यानंतर केंद्र शासनाने जानेवारी २०२० च्या मसुद्यात औषध कारखान्यांच्या सांडपाण्यातील प्रतिजैविकांच्या अंशांवर मर्यादा सुचवल्या, मात्र ऑगस्ट २०२१ च्या अंतिम अधिसूचनेतून त्या वगळल्या गेल्या. ज्या वसाहतीत औषध उद्योगाचे प्रमाण मोठे आहे, तेथे सांडपाणी मानकांत बसते एवढ्यावरून भूजल सुरक्षित ठरवणे म्हणजे मानकातील उणिवेलाच पुरावा मानणे होय.

तिसरी सबब दायित्वाची आहे आणि ती सर्वांत प्रभावी ठरते. शेकडो कारखाने, बदललेले मालक, बंद पडलेल्या कंपन्या आणि वरून नागरी मैला. अशा गुंत्यात दोष कोणाचा हे ठरणार कसे, असा प्रश्न विचारला जातो. प्रश्न अवघड आहे, पण अनुत्तरित नाही. भूजल एका ठरावीक दिशेने वाहते आणि एका रेषेत नसलेल्या किमान तीन निरीक्षण विहिरींतील पाण्याची पातळी मोजून ती दिशा काढता येते, मात्र भेगाळ खडकात त्यासाठी अधिक विहिरी आणि भेगांचे स्वतंत्र सर्वेक्षण लागते. दूषित पाण्याचा जो लांबट पट्टा उगमापासून प्रवाहाच्या दिशेने पसरतो, त्याच्या कडा आणि त्यातील सर्वाधिक तीव्रतेचा भाग नमुन्यांवरून आखता येतो. वेगवेगळ्या उद्योगांच्या द्रव्यांची घडण वेगळी असते, आणि एकाच द्रव्याच्या दोन उगमांतही कार्बन व क्लोरीन यांच्या समस्थानिकांच्या प्रमाणात फरक सापडू शकतो. याच्या जोडीला १९७४ च्या जल अधिनियमाखालील संमतीपत्रे आणि घातक कचऱ्याची वार्षिक विवरणे राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या दप्तरी असतात. कोणत्या भूखंडावर कोणत्या वर्षी काय बनत होते, हे त्यांवरून जुळवता येते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वोबर्न गावात १९७९ मध्ये दोन सार्वजनिक विहिरी दूषित आढळून बंद झाल्या, तेव्हा तेथेही उगम अनेक होते. पद्धतशीर तपासानंतर पाच स्वतंत्र मालमत्ता उगमस्थाने म्हणून निश्चित झाल्या आणि त्यांच्या जबाबदाऱ्याही वेगवेगळ्या ठरल्या.

भारतीय अनुभव याहून बोलका आहे. राजस्थानात उदयपूरजवळच्या बिछडी गावी एच-आम्ल बनवणाऱ्या कारखान्यांच्या गाळाने विहिरींचे पाणी आणि जमीन नासली. नीरीच्या शास्त्रज्ञांनी जागेवर जाऊन नुकसान आणि उपाय यांचा अहवाल दिला, आणि त्याच्या आधारावर सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९६ मध्ये प्रदूषकानेच शुद्धीकरणाचा खर्च सोसावा हे तत्त्व ठामपणे लागू केले. खर्चाचा आकडा ३७.३८५ कोटी रुपये ठरला. त्यानंतर कंपन्यांनी एकामागून एक अर्ज करून वसुली लांबवली, आणि अखेर जुलै २०११ मध्ये न्यायालयाने त्या रकमेवर १२ टक्के चक्रवाढ व्याज आकारले. या प्रकरणाचा दाखला सहसा कायद्याच्या दिरंगाईसाठी दिला जातो. पण त्यातून निघणारा दुसरा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा आहे. पंधरा वर्षे वेळ काढणाऱ्यांना शेवटी पळवाट उरली नाही, याचे कारण त्यांच्याविरुद्ध मोजलेला, लिहिलेला, शास्त्रीय तपास उभा होता. बोम्मसंद्र्यात दोषी ठरत नसेल, तर ते दोष अदृश्य आहे म्हणून नव्हे. त्याला दृश्य करणारे काम झालेले नाही म्हणून.

चौथी सबब अशक्यतेची आहे, आणि तिच्या बाजूने खरा पुरावा असल्यामुळे तिचे उत्तर अधिक काळजीने द्यावे लागते. दूषित भूजल उपसून, शुद्ध करून पुन्हा सोडण्याची पद्धत अमेरिकेत अनेक वर्षे वापरली गेली. १९९४ मध्ये तेथील राष्ट्रीय संशोधन परिषदेने अशा ७७ स्थळांचा आढावा घेतला, तेव्हा त्यांपैकी ६९ ठिकाणी ठरवलेले उद्दिष्ट गाठलेले नव्हते. भेगाळ खडक आणि जड द्रावक जेथे एकत्र येतात, तेथे यश विशेष दुर्मीळ होते. पट्टिताश्मावर वसलेल्या बोम्मसंद्र्याला हा इशारा लागू होतो, हे मान्य केले पाहिजे. पण त्या आढाव्यातून निघाले ते अधिक नेमके धोरण: उगम आधी रोखावा, पट्टा पसरू देऊ नये, द्रव्यागणिक पद्धत निवडावी आणि जागेच्या पुढील वापरानुसार उद्दिष्ट ठरवावे. नेदरलँड्सनेही सर्व जमीन सर्व उपयोगांसाठी निर्मळ करण्याचा आग्रह १९९० च्या दशकात सोडून दिला आणि वापरानुसार शुद्धीकरणाचा मार्ग धरला. कामच सोडून देण्याचा निर्णय मात्र त्याने घेतला नाही.

पद्धत द्रव्यावर अवलंबून असते, याचे उदाहरण क्रोमियम देते. त्याचे षट्संयुजी रूप विषारी असून पाण्याबरोबर सहज वाहते, तर त्रिसंयुजी रूप कमी विषारी असून मातीतच साखळून बसते. म्हणून जमिनीखाली फेरस सल्फेट किंवा साखर कारखान्यांतील मळी सोडून पहिल्याचे दुसऱ्यात रूपांतर करता येते, आणि सारे पाणी उपसावे लागत नाही. याउलट द्रावकावर वेगळे उपाय लागतात आणि पाऱ्यावर त्याहून वेगळे. किती साफ म्हणजे साफ, हाही उघड चर्चेचा विषय असावा लागतो: कोडाईकनालचा थर्मामीटर कारखाना २००१ मध्ये बंद झाल्यावर मातीत किलोमागे २० मिलिग्रॅम पारा राहू द्यावा की त्याहून बराच कमी, यावर वर्षानुवर्षे वाद चालला. तो वाद झाला हेच त्या प्रकरणाचे बलस्थान आहे, कारण तेथे वाद घालण्यासाठी निदान मोजलेला आकडा होता.

निसर्गावर सोपवण्याचा सल्ला या चौथ्या सबबीचेच सौम्य रूप आहे. काही द्रव्ये जिवाणूंमुळे विघटित होतात, काही मातीत बांधली जातात, हे खरे. शास्त्रात त्याला नैसर्गिक क्षीणता म्हणतात. पण अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९९ मध्ये हा मार्ग मान्य करताना त्याला निरीक्षणाची अट जोडली: क्षीणता खरोखर घडते आहे, पट्टा आकसतो आहे आणि विघटनातून अधिक घातक द्रव्य तयार होत नाही, हे दीर्घकाळ नमुने घेऊन दाखवावे लागते. ट्रायक्लोरोएथिलीनच्या अर्धवट विघटनातून व्हिनाइल क्लोराइड हे कर्करोगकारक द्रव्य तयार होऊ शकते, यावरून या अटीचे कारण कळते. म्हणजे निसर्गावर सोपवण्यासाठीही आधी मोजावे लागते आणि नंतर मोजतच राहावे लागते. न मोजता सोपवणे याला धोरण म्हणता येत नाही.

चार सबबींना आता कायद्याचाही आधार उरलेला नाही. जुलै २०२५ मध्ये केंद्र शासनाने पर्यावरण संरक्षण अधिनियमाखाली दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. त्यांनुसार जिल्हा प्रशासनाने संशयित स्थळांची माहिती दर सहा महिन्यांनी द्यायची, राज्य मंडळाने किंवा नेमलेल्या तज्ज्ञ संस्थेने ९० दिवसांत प्राथमिक मूल्यमापन करायचे, गरज भासल्यास सविस्तर सर्वेक्षण करायचे, दूषण सिद्ध झाल्यास स्थळ जाहीर करून तेथील वावर मर्यादित करायचा आणि जबाबदार व्यक्तीकडून खर्च वसूल करायचा. जबाबदार सापडला नाही किंवा त्याची ऐपत नसली, तर भार केंद्र व राज्य यांनी उचलायचा. नियमांत उणिवा आहेत: निश्चित झालेले स्थळ किती काळात शुद्ध झाले पाहिजे याची मुदत त्यांत नाही, आणि नियम आले तेव्हा देशात १०३ दूषित स्थळे नोंदलेली असताना केवळ सात ठिकाणी काम सुरू झालेले होते. तरीही या नियमांनी एक मूलभूत गोष्ट बदलली आहे. पूर्वी रहिवाशांनी दूषण सिद्ध करावे असा व्यवहार होता. आता संशय नोंदवला गेला की तपास करणे हे प्रशासनाचे कर्तव्य ठरते. तारापूर, डोंबिवली किंवा लोटे परशुराम यांच्याजवळ राहणाऱ्या मराठी वाचकालाही हा बदल तितकाच लागू आहे, कारण तेथे खडक बेसाल्टचा असला तरी भूजल भेगांतूनच वाहते आणि सबबीही याच दिल्या जातात.

बोम्मसंद्र्यात या तपासाला घाई हवी, याचे कारण जमिनीच्या बदलत्या मोलात आहे. १० ऑगस्ट २०२५ रोजी नम्म मेट्रोचा पिवळा मार्ग सुरू झाला आणि बोम्मसंद्रा त्याचे टोकाचे स्थानक झाले. जेथे मेट्रो पोचते तेथे कारखान्याची जमीन घरे, कार्यालये आणि वसतिगृहे यांच्यासाठी मागितली जाऊ लागते. उडनशील द्रावके मातीतून वाफेच्या रूपाने वर येऊन तळघरांत आणि बंद खोल्यांत साचू शकतात. म्हणून कारखान्याच्या आवारात जे दूषण सहन केले गेले, तेच निवासी इमारतीखाली असह्य ठरते. शिवाय भूखंड विकला, कंपनी विसर्जित झाली, जुने कामगार विखुरले आणि कागद रद्दीत गेले की तिसरी सबब आपोआप खरी होते. आज दोषी सापडत नाही असे म्हणणारे खरे तर दोषी सापडू नये अशी व्यवस्था तयार होऊ देत आहेत.

म्हणून मागणी नेमकी आणि मर्यादित असावी. वसाहतीतील प्रत्येक भूखंडाचा उत्पादन-इतिहास प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या दप्तरातून जुळवावा. वसाहतीच्या वरच्या आणि खालच्या अंगाला, झिजलेल्या थरात आणि भेगांत, वेगवेगळ्या खोलीच्या निरीक्षण विहिरी खोदाव्यात. त्यांतील पाण्याची तपासणी जड धातू, द्रावके आणि औषधांचे अंश यांच्यासाठी करून निष्कर्ष कन्नड व इंग्रजीत प्रसिद्ध करावेत. टाकून दिलेल्या विंधन विहिरी शास्त्रीय पद्धतीने बुजवाव्यात. आणि औद्योगिक भूखंडाचा वापर बदलण्याची परवानगी मातीच्या व भूजलाच्या तपासणी अहवालाशिवाय देऊ नये. यांपैकी एकाही कामाला नवे तंत्रज्ञान लागत नाही, आणि त्यांचा खर्च शुद्धीकरणाच्या खर्चाच्या तुलनेत अल्प असतो. तपासातून वसाहतीचा मोठा भाग निर्दोष निघाला, तर त्याचा सर्वाधिक लाभ प्रामाणिक उद्योजकांनाच होईल, कारण आज संशयाची छाया त्यांच्या जमिनीवरही तितकीच पडलेली आहे. बोम्मसंद्र्याची जमीन सुरक्षित आहे असे ज्यांचे म्हणणे असेल, त्यांनी ते निरीक्षण विहिरींच्या आकड्यांनी सिद्ध करावे. आकडे येईपर्यंत मागचे विसरून जावे असे सांगण्याचा अधिकार त्यांना नाही.